नाव झाकणे आणि नाव पुसणे

आपल्या समाजात लेखनाविषयी बोलणे निघाले की दोन वाक्ये हमखास कानांवर येतात. पहिले असे : 'खरे बोलणाऱ्याला टोपणनाव कशाला हवे? ज्याला लपावेसे वाटते त्याच्या मनात काहीतरी काळेबेरे असणारच.' दुसरे असे : 'अहो, हे तिने कुठले लिहिले असणार! कुणीतरी लिहून दिले असेल.' पहिले वाक्य उच्चारणारे स्वतःला सत्याचे कैवारी समजतात, दुसरे उच्चारणारे स्वतःला व्यवहारज्ञ समजतात, आणि पुष्कळदा ही दोन्ही वाक्ये एकाच मुखातून निघतात. या दोन्ही वाक्यांशी माझे भांडण आहे आणि त्यासाठी मी वाचकांचा थोडा वेळ मागत आहे.

लेखकाने आपले नाव झाकणे ही एक गोष्ट आहे. दुसऱ्याने त्याचे नाव पुसणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. पहिली गोष्ट हा लेखकाचा हक्क आहे, दुसरी ही उघड चोरी आहे. आपण मात्र पहिलीला भित्रेपणा म्हणून हिणवतो आणि दुसरीला नम्रतेचे गोंडस नाव देतो. माझे म्हणणे थोडक्यात असे की, लेखकाचे गुपित हे लेखकाच्या मालकीचे असते. मित्राचे, संपादकाचे, प्रकाशकाचे काम ते राखणे हे आहे. आणि ज्याने ते मागितलेच नव्हते त्याचे नाव त्याला परत देणे, हेही त्यांचेच काम आहे.

हा प्रश्न आजचा नाही. व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली निवर्तली. या साठाहून अधिक वर्षांच्या काळात जसे इंग्लंडमध्ये, तसेच तिच्या अमलाखालील आपल्या महाराष्ट्रातही छापखाने वाढले, नियतकालिके निघाली, आणि ज्यांनी पूर्वी कधी चार लोकांसमोर तोंड उघडले नव्हते अशी माणसे लिहू लागली. त्यांतल्या कित्येकांनी नाव झाकून लिहिले. ती सारी भित्री होती काय, हे एकदा तपासून पाहू.

मुंबईस भाऊ महाजन, म्हणजे गोविंद विठ्ठल कुंटे, यांनी १८४१ साली 'प्रभाकर' हे साप्ताहिक सुरू केले. १८४८ पासून त्यात 'लोकहितवादी' या सहीने पत्रे येऊ लागली. दोन वर्षांत ती शंभरावर गेली. एकूण १०८ पत्रांचा तो संच आज आपण 'शतपत्रे' म्हणून ओळखतो. लिहिणारे होते गोपाळ हरी देशमुख : पुण्याचे, चित्पावन ब्राह्मण घराण्यातले, सरकारी नोकरीत असलेले, पंचविशीचे तरुण. या पत्रांतून त्यांनी आपल्याच जातीच्या विद्येतील पोकळपणा, बालविवाह, विधवांचे हाल, आळस आणि नव्या ज्ञानाविषयीची बेपर्वाई यांवर कोरडे ओढले.

त्यांनी पहिल्याच पत्राखाली स्वतःचे नाव घातले असते तर काय घडले असते? लोकांनी पत्राची चर्चा केली नसती, पत्रलेखकाची केली असती. हा कोणाचा मुलगा, याचा पगार किती, याच्या घरी सोवळे पाळतात की नाही, याला कोणत्या साहेबाने फितवले, असले प्रश्न निघाले असते आणि विधवांचे हाल बाजूला राहिले असते. टोपणनावामुळे वाचणाऱ्याला मुद्द्याकडे पाहणे भाग पडले. पुढे गोपाळराव न्यायखात्यात वरच्या पदाला चढले, नाव झाकण्याचे कारण उरले नाही; तरी लोकांच्या तोंडी 'लोकहितवादी' हेच नाव राहिले आणि आजही राहिले आहे. जे नाव पळवाट म्हणून घेतले असे आपण समजतो, ते त्यांनी आयुष्यभर अभिमानाने वागवले.

या ठिकाणी कुणी म्हणेल, 'फादर, मग निनावी पत्रांनाही तुम्ही पाठिंबा देणार काय?' प्रश्न रास्त आहे. कोणत्याही धर्मग्रामात काही वर्षे काढलेल्या माणसाला निनावी पत्र काय असते हे सांगावे लागत नाही. बिशपांना जाते, शाळेच्या व्यवस्थापनाला जाते, कधी एखाद्या मुलीच्या होणाऱ्या सासरी जाते. पण निनावी पत्र आणि टोपणनाव यांना एका पारड्यात टाकणे म्हणजे चोराला आणि पहारेकऱ्याला, दोघेही रात्री जागतात म्हणून, एकच समजणे होय. निनावी पत्राची जबाबदारी घेणारा कुणीही नसतो. टोपणनावाने छापलेल्या मजकुरामागे मात्र एक संपादक उभा असतो. तो उघड्या तोंडाने उभा असतो, त्याचा पत्ता अंकावर छापलेला असतो आणि जाब त्याला विचारता येतो.

या जबाबदारीची किंमत काय असू शकते हे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली त्याच वर्षी महाराष्ट्राने पाहिले. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त 'शिवाजीचे उद्गार' हे पद्य आले. त्याखाली कवीचे नाव नव्हते, भवानी तलवारीची खूण असे टोपणनाव तेवढे होते. याच पद्यावरून आणि त्याबरोबरच्या मजकुरावरून सरकारने राजद्रोहाचा खटला भरला आणि १८ महिन्यांच्या सश्रम कारावासाची शिक्षा झाली ती संपादकाला, बाळ गंगाधर टिळकांना. लोकमान्यांची राजनीती कुणाला पटो वा न पटो; पण टोपणनाव म्हणजे जबाबदारीतून सुटका असे म्हणणाऱ्याने हे वर्ष लक्षात ठेवावे. लेखकाचे नाव झाकले गेले तेव्हा कुणाचे तरी नाव उघडे होते, आणि त्या उघड्या नावाने तुरुंग पाहिला.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना गुपितांचे तीन प्रकार आम्हांला पाठ करावे लागत : स्वभावतःच गुप्त राखावे लागते ते, गुप्त राखण्याचे वचन दिलेले असते ते, आणि विश्वासाने सोपवलेले असते ते. या तिसऱ्या प्रकारात वैद्याकडे, वकिलाकडे, सल्लागाराकडे सोपवलेल्या गोष्टी येतात. संपादकाच्या हाती आलेले लेखकाचे खरे नाव याच जातीचे आहे. ते फोडणे हा विश्वासघात आहे. आणि असत्याविषयी म्हणाल तर, ज्याला सत्य जाणून घेण्याचा हक्क आहे त्याला फसवणे हे असत्य. शेजाऱ्याच्या कुतूहलाला असा कोणताही हक्क पोचत नाही. लोकहितवादींनी विधवांविषयी जे लिहिले ते खरे की खोटे, एवढेच जाणण्याचा हक्क पुण्याला होता.

गुपित फोडले गेले म्हणजे काय होते याचे उदाहरणही त्याच काळातले आहे. १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी नावाची एक गुप्त सभा स्थापन झाली. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिच्या मूळ पुरुषांपैकी. जातिभेद मानावयाचा नाही, ही तिची मुख्य प्रतिज्ञा. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी पिणे, ही तिच्या सभासदत्वाची कसोटी होती. आज आपल्या घरी रोज सकाळी जो पाव येतो, तो खाल्ला म्हणून त्या काळी माणूस जातीबाहेर पडत असे, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. १८६० साली या सभेच्या सभासदांची यादी कुणीतरी चोरली आणि ती जाहीर झाली. सभा मोडली.

तरुणपणी या मंडळीत जाणाऱ्यांमध्ये बेळगावचे बाबा पदमनजी होते. पुढे 'यमुनापर्यटन' ही मराठीतील पहिली कादंबरी (१८५७) लिहिली ते हेच. त्यांना गुप्तपणाचा वीट आला. १८५४ साली त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला आणि त्याचे जे काय सोसायचे ते सोसले. आपल्या वाचकांना बाबांचे हे धैर्य प्रिय वाटेल, मलाही वाटते. पण त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो मला मान्य नाही. बाबा पदमनजी उघड झाले, हा बाबांचा स्वतःचा निर्णय होता. यादी चोरणाऱ्याने तोच निर्णय इतरांच्या वतीने घेऊन टाकला. ज्याला त्याला स्वतःचा क्रूस स्वतः उचलावयाचा असतो. दुसऱ्याच्या खांद्यावर तो लादणाऱ्याला शुभवर्तमानात गौरवलेले नाही.

आता इंग्लंडकडे वळतो, कारण हाच प्रश्न तिथे सख्ख्या बहिणींमध्ये उभा राहिला. यॉर्कशायरमधील हॉवर्थ या गावी पॅट्रिक ब्राँटे हे अँग्लिकन पाळक होते. शार्लट, एमिली आणि ॲन या त्यांच्या तीन मुलींनी १८४६ साली करर, एलिस आणि ॲक्टन बेल या नावांनी कवितांचे एक पुस्तक स्वखर्चाने छापले. नावे अशी निवडली होती की पुरुष की स्त्री याचा थांग लागू नये. बायकांच्या पुस्तकाला परीक्षक एक तर गोंजारतात किंवा झोडपतात, सरळ मापाने मोजत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. पुस्तकाच्या दोन प्रती खपल्या. दुसऱ्या वर्षी मात्र शार्लटच्या 'जेन एअर'ने लंडन गाजवले, आणि एमिलीची 'वुदरिंग हाइट्स'ही प्रसिद्ध झाली.

मग सगळे बेल म्हणजे एकच लेखक, अशी आवई एका प्रकाशकाने उठवली. तिचे निरसन करण्यासाठी १८४८ च्या जुलैमध्ये शार्लट आणि ॲन लंडनला शार्लटच्या प्रकाशकाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. बोलण्याच्या ओघात आपण तिघी बहिणी आहोत हे शार्लट बोलून गेली. एमिली घरीच होती. तिला हे मुळीच खपले नाही. एलिस बेलचा उल्लेख त्याच नावाने व्हावा, दुसऱ्या नावाने नव्हे, असे शार्लटला मागाहून पत्राने प्रकाशकाकडे कळवावे लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एमिली वारली, पुढच्या मे महिन्यात ॲन वारली. १८५० साली उरलेल्या बहिणीने दोघींची खरी नावे जगाला सांगितली.

या प्रसंगात शार्लटच्या हेतूविषयी शंका नाही. बहिणींवर तिचा जीव होता. तरीही एमिली हयात असताना तिचे गुपित तिचेच होते, बहिणीचेही नव्हते. प्रेम आहे म्हणून दुसऱ्याचे नाव उघडे करण्याचा परवाना मिळत नाही. उलट, दोघी गेल्यावर त्यांच्या पुस्तकांचे श्रेय भलत्याच माणसांकडे जाऊ लागले असते तर त्या वेळी गप्प बसणे हाही अन्याय ठरला असता. जॉर्ज एलियट या नावाने लिहिणाऱ्या मेरियन इव्हान्सच्या बाबतीत असेच घडत होते. तिच्या कथांचा कर्ता म्हणून लिगिन्स नावाच्या एका गृहस्थाचे नाव लोकांनी परस्पर घेतले आणि त्याने ते नाकारले नाही. चार्ल्स डिकन्सने १८५८ सालीच, हे लेखन बाईचे असावे, असे अचूक ताडून तिला टोपणनावानेच आदराचे पत्र धाडले होते. पण बोभाटा केला नाही. अखेर १८५९ साली तिने स्वतःच पडदा दूर केला. डिकन्स ओळखून गप्प राहिला आणि लिगिन्स काही न लिहिता मिरवला. मित्र कोण आणि चोर कोण, हे यापरते स्पष्ट काय सांगावयाचे?

त्याच शतकातले एक उदाहरण आपल्याच घरातले आहे आणि ते जरा झोंबणारे आहे. जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स १८६८ साली येशू संघात दाखल झाले, तेव्हा त्यांनी आपल्या कविता जाळून टाकल्या. १८७५ च्या डिसेंबरात 'डॉइचलँड' नावाची बोट बुडाली आणि तीत जर्मनीतून हद्दपार झालेल्या पाच फ्रान्सिस्कन भगिनी मृत्यू पावल्या. त्यांच्यावर हॉपकिन्स यांनी एक दीर्घ कविता लिहिली. ती त्यांनी येशू संघाच्याच 'द मंथ' या मासिकाकडे दिली. मासिकाने ती आधी स्वीकारली आणि नंतर नाकारली. कवी १८८९ साली डब्लिनमध्ये वारला, तेव्हा तो कवी होता हे फार थोड्यांना ठाऊक होते. त्याच्या कविता जपून ठेवल्या त्या रॉबर्ट ब्रिजेस या मित्राने, ज्याला कॅथलिक धर्माची ओढ नव्हती आणि जो कित्येकदा त्या कवितांशी वादही घालीत असे. १९१८ साली, कवीच्या मृत्यूनंतर २९ वर्षांनी, ब्रिजेसने त्या पुस्तकरूपाने छापल्या, मित्राच्या नावाने छापल्या. आपल्या मासिकाने जे परत केले ते परक्याने सांभाळले. आपल्या नियतकालिकांच्या संपादकांनी आणि आम्हां धर्मगुरूंनी ही गोष्ट वर्षातून एकदा तरी आठवावी.

येथवर पहिल्या वाक्याचा समाचार झाला. आता दुसरे वाक्य : 'हे तिने कुठले लिहिले असणार!'

हे वाक्य पुरुषांच्या वाट्याला क्वचितच येते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' पत्र सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः दिली. ती यमू नावाच्या एका स्त्रीने स्वतः सांगितलेली तिची कहाणी आहे : माहेर, सासर, वैधव्य, सारे 'मी'ने सांगितलेले. पुरुषाने स्त्रीचा 'मी' इतका हुबेहूब उभा केला म्हणून आपण हरिभाऊंची वाहवा करतो आणि ती रास्तच आहे. पण या हरिभाऊंच्या स्नेहातल्या काशीबाई कानिटकर स्वतः लेखिका होत्या. त्यांनी १८८९ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. हरिभाऊंचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते, काशीबाईंचे नाव किती पदवीधरांना ठाऊक आहे? पुरुष स्त्रीच्या तोंडून बोलला तर ती प्रतिभा, आणि स्त्री स्वतःच्या तोंडून बोलली तर संशय किंवा विस्मरण, असा हा न्याय आहे.

चाळीस वर्षांनंतरही तो बदलला नव्हता. १९३३ साली ह. वि. मोटे यांनी 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, अविवाहित मुलींची घुसमट त्यात होती. महाराष्ट्रात गदारोळ उठला. लिहिणारी व्यक्ती कोण, स्त्री की पुरुष, यावर तर्क लढवले गेले. लिहिणाऱ्या होत्या शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. मोट्यांनी ते गुपित राखले. ज्या वर्गातल्या मुलींची दुःखे त्या सांगत होत्या, त्याच वर्गात त्यांना रोज वावरायचे होते. नाव उघडे झाले असते तर त्या कथांतील प्रत्येक मुलीत लोकांनी बाळूताईंना शोधले असते. टोपणनावाने त्यांनी स्वतःला वाचवले असेल. पण त्याहून अधिक, त्यांनी त्या मुलींना वाचवले.

आणि लक्ष्मीबाई टिळक? शाळेचे शिक्षण म्हणावे असे त्यांना मिळालेच नव्हते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्यांना वाचायला शिकवले, हे खरे. म्हणून 'स्मृतिचित्रे'चे श्रेय नकळत टिळकांकडे वळवणारे वाचक मला भेटले आहेत, चांगले शिकलेले भेटले आहेत. त्यांना मी दोन साले सांगतो : टिळक वारले १९१९ साली, 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली १९३४ साली. ज्या विनोदाने ते पुस्तक जिवंत आहे, तो विनोद बहुतेक ठिकाणी टिळकांवरच आहे! 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचा आरंभ टिळकांनी केला आणि त्यांच्या मागे साठाहून अधिक अध्याय लिहून ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. कोणते कोणाचे हे घरच्यांनी झाकून ठेवले नाही, म्हणून आज आपण दोघांनाही त्यांचा त्यांचा मान देऊ शकतो. पतिपत्नीचे साहित्यिक सख्य असे असावे.

याच टिळकांच्या अहमदनगरच्या घरी आमच्या खानदेशातला, धरणगावचा एक तरुण राहिला होता, त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्याला 'बालकवी' ही उपाधी मिळाली. तो हिंदू, यजमान ख्रिस्ती. पण त्या घरात कवितेला जात विचारली गेली नाही. ज्याच्यापाशी गुण आहे त्याला चारचौघांत नाव देणे, हे त्या पिढीला साधले होते. आपल्याला ते का साधू नये?

हे सारे मी लोणखेड्याहून लिहीत आहे, आणि जुन्या लोकांच्या गोष्टी सांगून थांबावे असा माझा विचार नाही. शहाद्याला लागून असलेले हे गाव. उत्तरेला सातपुडा. या परिसरात मराठीबरोबर अहिराणी, भिली, पावरी, गुजरी अशा बोली कानांवर पडतात. या बोलींत नवी गाणी आजही रचली जातात : नाताळची, लग्नाची, पेरणीची, मृताच्या घरी जागरणाची. रचणारी बाई पुष्कळदा निरक्षर असते. ती गाते, दुसऱ्या दिवशी सारी वस्ती गाते. मग कुणी शिकलेला तरुण किंवा बाहेरून आलेला पाहुणा ते उतरवून घेतो आणि पुस्तिका निघते. पुस्तिकेवर संपादकाचे नाव, प्रस्तावना लिहिणाऱ्याचे नाव, आशीर्वाद देणाऱ्याचे नाव, जाहिरातदारांची नावे. आणि गाण्याखाली एकच शब्द : 'पारंपरिक'. रचणारी बाई अद्याप हयात आहे, रविवारी मिस्साला येते, आणि तिच्या गाण्याखाली 'पारंपरिक' असे छापलेले आहे! अशी एक पुस्तिका मी पाहिलेली आहे. ती कोणाची हे सांगत नाही, कारण प्रश्न एका पुस्तिकेचा नाही.

परंपरेचे गाणे कुणाचेच नसते, म्हणून सर्वांचे असते, हे मला समजते. पण जिवंत माणसाच्या कृतीला परंपरा म्हणून मोकळे होणे, ही त्या माणसाला जिवंतपणी इतिहासजमा करण्याची रीत आहे. याच शहादा तालुक्यातले कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह १९८७ साली आला. त्यांच्या 'स्टेज' या कवितेचा रोख अगदी हाच आहे : ज्यांचे दुःख ते खाली बसलेले, आणि त्यांच्या दुःखाविषयी बोलणारे वर उभे. आदिवासी कवीने स्वतःच्या नावाने हे लिहिले. आपण त्याच्या शेजारी राहून अजून 'पारंपरिक' छापतो आहोत.

अनुवादकांची अवस्था याहून निराळी नाही. आपण ज्या प्रार्थना म्हणतो, जी गीते गातो, त्यांतील पुष्कळशी कुणीतरी रात्री जागून मराठीत आणली. शब्द बसेना म्हणून कुणी आठवडाभर अडून राहिले असेल. त्यात धर्मगुरू होते, भगिनी होत्या, शाळामास्तर होते, धर्मशिक्षक होते. त्यांतील कितींची नावे आपल्याला सांगता येतील?

यावर एक उत्तर ठरलेले आहे आणि ते मोठ्या भक्तिभावाने दिले जाते. 'फादर, सेवेत नाव कशाला? उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, असे प्रभूने सांगितले आहे.' सांगितले आहे, पण कुणाला? दान देणाऱ्याला. घेणाऱ्याला नव्हे. देणाऱ्याने आपले दान झाकावे ही नम्रता आहे. घेणाऱ्याने देणाऱ्याचे नाव झाकावे ही कृतघ्नता आहे. नम्रता हा ज्याचा त्याचा गुण आहे. दुसऱ्याच्या वतीने नम्र होता येत नाही. त्या गाणारणीला कुणी विचारले होते काय, 'बाई, तुझे नाव घालू की नको?' तिने 'नको' म्हटले असते तर तिचे गुपित आपण प्राणापलीकडे जपले असते. विचारलेच नाही, मग ते गुपित कसले?

'पण इब्री लोकांस पत्र कोणी लिहिले हे तरी कुठे ठाऊक आहे?' असेही एका विद्वान मित्राने मला विचारले. खरे आहे. ते कोणी लिहिले हे देवालाच ठाऊक, असे तिसऱ्या शतकात ऑरिजेनने म्हणून ठेवले. पण ऑरिजेनने तिथे 'पारंपरिक' लिहून विषय मिटवला नाही. त्याने शोध घेतला, इतरांची मते नोंदवली, आणि ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगितले. शोधून न सापडणे आणि मुळात न शोधणे यांत अंतर आहे.

माझ्या मते या विषयावरचा अखेरचा शब्द पवित्र शास्त्रात एका कोपऱ्यात आहे आणि तो वाचताना आपण घाईने पुढे जातो. रोमकरांस पत्र हे संत पौलाचे सर्वांत थोर पत्र. त्याच्या सोळाव्या अध्यायात, शेवटच्या नमस्कारांच्या गर्दीत, बाविसाव्या ओवीत अचानक एक निराळाच आवाज येतो. तर्तियस नावाचा माणूस स्वतःच्या नावाने वाचकांना सलाम सांगतो. तो कोण? पौल सांगत होता आणि तो लिहून घेत होता, नुसता लेखनिक. पौलाच्या एवढ्या मोठ्या पत्रात एका लेखनिकाचा 'मी' कशाला, असे पौलाला वाटले नाही. त्याने ती ओळ राहू दिली. त्या एका ओळीमुळे दोन हजार वर्षे तर्तियसचे नाव उच्चारले जात आहे आणि पौलाचा मोठेपणा तसूभरही उणा झालेला नाही.

तेव्हा माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. जो लेखक किंवा लेखिका टोपणनाव मागते तिला ते संपादकाने निमूटपणे द्यावे, खरे नाव स्वतःपाशी ठेवावे, आणि चहाच्या पेल्याबरोबरही ते ओठांबाहेर काढू नये. ज्या मजकुराचा धनी संपादकालाही ठाऊक नाही तो छापू नये. प्रत्येक गीतपुस्तिकेत, प्रत्येक स्मरणिकेत रचणाऱ्याचे, उतरवून घेणाऱ्याचे आणि अनुवाद करणाऱ्याचे नाव ज्याचे त्याला मिळावे. गाणे खरोखर जुने असेल तर ते कोणत्या गावी, कोणाच्या तोंडून ऐकले ते लिहावे. आणि कुणा बाईच्या लेखाला 'हे हिने कुठले लिहिले' म्हणणाऱ्याकडे आपण पुरावा मागावा. तो नसेल तर त्याने तोंड मिटावे.

नाताळच्या गीतपुस्तिकांचे काम बहुतेक धर्मग्रामांत पावसाळा संपता संपता सुरू होते. हस्तलिखित छापखान्यात देण्यापूर्वी कुणीतरी वही घेऊन त्या गाणारणीच्या ओसरीवर जावे आणि तिला दोन प्रश्न विचारावेत : गाणे तुझे आहे ना? आणि नाव घालू ना? ती जे सांगेल ते छापावे.